अर्धी

मराठी विभागासाठी मी लेख देणार हे कळल्यावर आमच्या रूममध्ये पाच मिनिटं नुसता हशा चालला होता. त्यात त्यांची काही चूक नाही. मी पहिली ते दहावी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शाळेच्या आवारात मराठी बोललं की एक रुपया दंड, आणि मराठीचा तास आठवड्यातून तीनदा. अजूनही कँटीनवाले काका ‘अठ्ठेचाळीस झाले’ म्हणाले की मी फॉर्टी एट का फिफ्टी एट याचा मनात हिशेब करते आणि शेवटी सरळ शंभरची नोट पुढे करते. तेव्हा या लेखात शुद्धलेखनाच्या चुका राहिल्या असतील तर त्या माझ्या, आणि नसतील तर ते मराठी विभागाच्या सरांचे उपकार.

दुसरी सूचना. हा लेख बेसबॉलवर आहे. तेही ११० वर्षांहून जुन्या, अमेरिकेतल्या बेसबॉलवर. पळू नका! मलाही बेसबॉल येत नाही. पण ही गोष्ट फिरून फिरून शेवटी आपल्या हॉस्टेलच्या मेसमध्येच येऊन पोहोचते, म्हणून सांगते आहे. आणि काही जणींना ती वाचायलाच हवी, त्यात पहिली मी.

तर सुरुवात माझ्या टोपीपासून. निळी टोपी, समोर लाल रंगाचा ‘सी’. फर्स्ट इयरपासून मी ती घालते, आणि फर्स्ट इयरपासून सगळे विचारतात, “सी म्हणजे काय गं? सिव्हिल का कॉम्प?” दोन्ही नाही. सी म्हणजे शिकागो. शिकागो कब्ज. माझी मावशी शिकागोजवळ राहते, तिने आणलेली आहे ती.

२०१६ ची दिवाळी. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. सकाळी सव्वादहाच्या सुमाराला मावशीचा व्हिडिओ कॉल आला. तिच्याकडे तेव्हा मध्यरात्र. स्क्रीनवर बघतो तर मावशीचे यजमान, म्हणजे आमचे एकदम गंभीर, चष्मेवाले काका, लहान मुलासारखे रडतायत. त्यांच्या शेजारचे गोरे आजोबा त्यांच्या गळ्यात पडून रडतायत. आई घाबरली. “अगं, कोण गेलं?” तिने विचारलं. मावशी ओरडली, “कोणी गेलं नाही, आम्ही जिंकलो!” कब्ज टीमने क्लीव्हलँडला ८-७ असं हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली होती. तब्बल १०८ वर्षांनी. आजीने लगेच सांगितलं, “जपमाळेचे मणी तितकेच असतात.” (नंतर मला कळलं की बेसबॉलच्या चेंडूला जोडटाकेही १०८ च असतात. आजीला सांगायला हवं होतं.)

तेव्हा मी लहान होते. पण प्रश्न डोक्यात राहिला, की १०८ वर्षांपूर्वी, १९०८ साली, हे लोक जिंकले तरी कसे? त्याचं उत्तर शोधायला मुहूर्त लागला तो यंदाच्या पी.एल.मध्ये. पी.एल.चा नियमच आहे, सिलॅबस सोडून जगातली प्रत्येक गोष्ट इंटरेस्टिंग वाटते. कंट्रोल सिस्टिम्सचं पुस्तक उघडं ठेवून मी १९०८ च्या सीझनमध्ये शिरले आणि रात्रीचे तीन कधी वाजले कळलंच नाही.

सॉलिड सीझन होता तो. त्या काळी मेजर लीगच्या दोन लीग, नॅशनल आणि अमेरिकन. प्रत्येकीत आठ टीम. एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत प्रत्येक टीमला १५४ मॅचेस. आपली सेमिस्टर लांब वाटते, पण हे लोक जवळजवळ रोज खेळायचे! खेळही वेगळाच. चेंडू काळाकुट्ट होईपर्यंत तोच वापरायचे, पिचरने त्याला थुंकी लावली तरी चालायची. त्यामुळे बॅटिंग करणाऱ्यांचे हाल. त्या वर्षी नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त होमरन मारणाऱ्याचे किती होमरन होते? बारा. अख्ख्या वर्षात बारा. आपल्याकडे एका टी-ट्वेंटी मॅचमध्ये दोन्ही टीम मिळून त्याहून जास्त सिक्स बसतात.

पिचर मात्र राक्षस होते. न्यूयॉर्क जायंट्सचा क्रिस्टी मॅथ्यूसन, त्याने एका सीझनमध्ये ३७ मॅच जिंकून दिल्या. दुसऱ्या लीगमध्ये एड वॉल्शने ४०. शिकागोचा मॉर्डेकाय ब्राऊन, त्याला ‘थ्री फिंगर’ म्हणत. लहानपणी शेतातल्या मशीनमध्ये हात जाऊन त्याच्या उजव्या हाताची बोटं गेली, वाकली, आणि त्याच मोडक्या हातातून चेंडू असा वळायचा की समोरच्याला समजायचा नाही. २ ऑक्टोबरला (हो, आपली गांधी जयंती) क्लीव्हलँडच्या ॲडी जॉसने समोरच्या एकाही खेळाडूला पहिल्या बेसपर्यंतसुद्धा पोहोचू दिलं नाही. त्याच मॅचमध्ये त्याच्याविरुद्ध वॉल्शने १५ जणांना स्ट्राईक आऊट केलं आणि तरी १-० असा हरला. अमेरिकन लीगचा निकाल तर आणखी भारी. डेट्रॉइट ९० विजय ६३ पराभव, क्लीव्हलँड ९० विजय ६४ पराभव. पावसाने वाहून गेलेली एक मॅच परत खेळायची डेट्रॉइटवर सक्ती नव्हती, म्हणून ते अर्ध्या मॅचने पहिले आले. अर्ध्या!

हा शब्द लक्षात ठेवा.

नॅशनल लीगमध्ये तीन टीम एकमेकींच्या मानेवर बसलेल्या होत्या. शिकागो कब्ज, न्यूयॉर्क जायंट्स आणि पिट्सबर्ग पायरेट्स. २३ सप्टेंबर १९०८ ला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्स मैदानावर कब्ज विरुद्ध जायंट्स. त्या दिवशी जायंट्सचा नेहमीचा फर्स्ट बेसमन फ्रेड टेनी पाठ धरल्यामुळे खेळू शकला नाही. त्याच्या जागी मॅनेजर जॉन मॅग्रॉने एका पोराला उतरवलं. फ्रेड मर्कल. वय १९. त्या सीझनमधली सुरुवातीपासून खेळायला मिळालेली त्याची पहिलीच मॅच.

आता इथे थोडा नियम समजून घ्यावा लागेल. व्हायवाला विचारणार नाही, पण त्याशिवाय गोष्ट कळणार नाही. बेसबॉलच्या मैदानात चार बेस असतात, पतंगाच्या आकारात. चेंडू मारायचा आणि पहिला, दुसरा, तिसरा बेस करत परत घरी यायचं, की एक रन. एका बेसवर दोघं उभे राहू शकत नाहीत. आपल्या क्रिकेटमध्ये स्ट्रायकर पळत आली की नॉनस्ट्रायकरला पळावंच लागतं ना, तसंच. म्हणजे पहिल्या बेसवर कोणी आधीच उभा असेल आणि बॅटिंग करणाऱ्याने चेंडू मारला, तर पहिल्याला जागा खाली करून दुसऱ्या बेसवर जावंच लागतं. तो पोहोचायच्या आत कोणी चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, तर तो आऊट. आणि असा आऊट जर इनिंगमधला तिसरा, म्हणजे शेवटचा असेल, तर त्या चेंडूवर कोणी घरी पोहोचला असला तरी तो रन धरत नाहीत.

स्कोअर १-१. नववी इनिंग, शेवटची. जायंट्सचे दोन आऊट. मॅककॉर्मिक पहिल्या बेसवर. मर्कल आला आणि त्याने मस्त हिट मारला. मॅककॉर्मिक तिसऱ्या बेसवर गेला, मर्कल पहिल्यावर. त्याने जास्त पळायचा मोह टाळला, शहाण्यासारखा तिथेच थांबला. मग अल ब्रिडवेल आला. त्याने चेंडू सरळ मधून मैदानात काढला. मॅककॉर्मिक घरी. २-१. जिंकले!

पब्लिक मैदानात घुसलं. त्या काळी मॅच संपली की लोक मैदानातूनच बाहेर पडायचे, त्यामुळे खेळाडू गर्दीच्या आधी क्लबहाऊस गाठायला पळत सुटायचे. मर्कल दुसऱ्या बेसच्या दिशेने निघाला होता. लोक येताना दिसले, मॅककॉर्मिक घरी पोहोचलेला दिसला, आणि तो अर्ध्या वाटेतून क्लबहाऊसकडे वळला.

दुसऱ्या बेसजवळ कब्जचा जॉनी एव्हर्स उभा होता. बारका, चिडका माणूस. रात्री झोपताना नियमांचं पुस्तक वाचायचा असं त्याच्याबद्दल सांगतात. आपल्या वर्गात नाही का एक मुलगी असते, जिला युनिव्हर्सिटीचे सगळे ऑर्डिनन्स पाठ असतात? तसा. तो चेंडू मागत ओरडायला लागला. जायंट्सच्या मॅकगिनिटीच्या लक्षात आलं. त्याने चेंडू पकडला आणि गर्दीत भिरकावला म्हणतात. मग एव्हर्सच्या हातात आलेला चेंडू तोच होता की दुसरा, यावर तिथे हजर असलेल्यांनी पुढे आयुष्यभर भांडणं केली. पण एव्हर्सने कुठला तरी चेंडू हातात घेऊन दुसऱ्या बेसवर पाय ठेवला, आणि अंपायर हँक ओडे यांनी मर्कलला आऊट दिलं. रन रद्द. मैदानभर माणसं आणि वर अंधार पडत आलेला, त्यामुळे खेळ पुढे होणं शक्यच नव्हतं. मॅच टाय.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरांनी मर्कलला मूर्ख ठरवून टाकलं. त्याला नाव पडलं ‘बोनहेड’. म्हणजे डोक्यात मेंदूच्या जागी हाड.

* * *

आता आपलं ग्राउंड.

मागच्या वर्षीच्या गॅदरिंगची मुलींची क्रिकेट फायनल ज्यांनी बघितली त्यांना आठवत असेल. गर्ल्स हॉस्टेल विरुद्ध डे स्कॉलर्स. टेनिस बॉल, आठ ओव्हर. आमच्या एका नेहमीच्या प्लेअरचा पाय मुरगळला म्हणून ऐन वेळेला फर्स्ट इयरच्या एका मुलीला घेतलं. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही. का, ते पुढे कळेल.

शेवटचा बॉल. जिंकायला दोन हवेत. स्ट्राईकवर मी, नॉनस्ट्रायकर ती. मी बॉल मिडविकेटकडे काढला. पहिली रन झाली, टाय! दुसरीसाठी वळलो. तोवर बाउंड्रीवरच्या आपल्या मुली किंचाळत आत घुसल्या. दोरी कुठे आहे तेच दिसेना. तिला वाटलं, बॉल दोरीबाहेर गेला, चार झाल्या. ती पिचच्या मध्येच थांबली आणि हात वर करून मैत्रिणींकडे वळली. गर्दीतून थ्रो आला, बॉलरच्या हातात बसला, बेल्स उडाल्या. ती रनआऊट. मॅच टाय. मग सुपर ओव्हर, आणि ती आम्ही हरलो.

त्या रात्री मेसमध्ये सुतकी शांतता होती. ती कोपऱ्यात बसली होती, मान खाली घालून. मावशी पोळ्या वाढत आल्या. मी ताट पुढे केलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “मावशी, तिला अर्धीच वाढा. तिला अर्ध्याचीच सवय आहे.”

मेस फुटली हसून. तीपण हसली.

झालं, त्या दिवसापासून तिचं नाव ‘अर्धी’. ‘अर्धी आली का गं?’, ‘अर्धीला विचार’, ‘अर्धीचं जर्नल दे’. ग्रुपवर तिच्या वाढदिवसाला अर्ध्या केकचा फोटो. मेसच्या मावशींना काहीच माहीत नव्हतं. त्या एकदा प्रेमाने तिला “अर्धी पोळी अजून देऊ का गं?” म्हणाल्या आणि चार टेबलं हसली. मावशी बिचाऱ्या बावरून बघत राहिल्या. एका प्रॅक्टिकलला तर हजेरी घेताना एका सरांनीही गमतीत “अर्धी आली का?” विचारलं. सर अजिबात वाईट नाहीत. सगळे म्हणतात, तीही हसते, म्हणजे चालत असेल, असं त्यांना वाटलं असणार. आम्हाला पण तसंच वाटलं.

हा सगळा किस्सा मी कधीच विसरून गेले असते. पण त्या पी.एल.च्या रात्री तीन वाजता मर्कलपर्यंत पोहोचले आणि हात थांबला.

* * *

कारण पुढचा भाग वाचायला हवा होता. टाय झालेल्या मॅचचा वाद लीगचा प्रेसिडेंट हॅरी पुलियम याच्याकडे गेला. त्याने अंपायरचा निर्णय उचलून धरला, आणि पुढे ठरलं की सीझन संपताना गरज पडली तर ती मॅच परत खेळायची. आता मजा बघा. मर्कलच्या त्या मॅचनंतर जायंट्सच्या हातात भरपूर मॅचेस होत्या. त्यांतल्या तीन त्यांनी पाच दिवसांत फिलाडेल्फियाच्या हॅरी कोवेलेस्की नावाच्या एकाच नवख्या पिचरकडून गमावल्या. तीन! त्यांतली एक जरी जिंकली असती तर मर्कलचं नावसुद्धा कोणाला आठवलं नसतं. त्या तीन मॅचेस हरणाऱ्यांना कोणी नावं ठेवली नाहीत. कारण पूर्ण टीम हरली की तो खेळ असतो, एक जण सापडला की गोष्ट तयार होते.

शेवटी कब्ज आणि जायंट्स अगदी बरोबरीत आले. ८ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर परत मॅच झाली. इतकी गर्दी की लोक शेजारच्या टेकडीवर चढून बघत होते. जायंट्सचा ३७ मॅच जिंकणारा मॅथ्यूसन विरुद्ध तीन बोटांचा ब्राऊन. कब्ज ४-२ ने जिंकले. शेवटचा हिशेब असा: कब्ज ९९ विजय, जायंट्स ९८, पायरेट्स ९८. मग कब्जने वर्ल्ड सिरीजमध्ये डेट्रॉइटला ४-१ असं हरवलं. हाच तो १९०८ चा विजय, ज्याच्यानंतर आमच्या काकांना रडायला २०१६ उजाडावं लागलं.

पुलियमवर त्या वर्षभर टीकेचा भडिमार झाला. त्याची तब्येत आणि मन दोन्ही ढासळत गेलं. जुलै १९०९ मध्ये त्याने स्वतःचा जीव घेतला. वय फक्त ४०. असं कुठल्याही एका कारणाने होत नसतं, हे मला माहीत आहे. पण ते वाचल्यावर मी लॅपटॉप बंद केला आणि थोडा वेळ गॅलरीत जाऊन उभी राहिले.

आणि मर्कल? तो मठ्ठ नव्हताच. मॅग्रॉसारख्या तापट मॅनेजरनेही त्याला दोष दिला नाही, टीममधून काढलं नाही. उलट १९१० पासून तो जायंट्सचा नेहमीचा फर्स्ट बेसमन झाला. मेजर लीगमध्ये १६ सीझन खेळला, १,५८० हिट्स मारले. १९१२ च्या वर्ल्ड सिरीजच्या शेवटच्या मॅचमध्ये, दहाव्या इनिंगमध्ये, त्याच्याच हिटने जायंट्स २-१ असे पुढे गेले होते. तेवढ्यावर मॅच संपली असती तर बोनहेडचा हिरो झाला असता. पण नंतर स्नॉडग्रास नावाच्या खेळाडूच्या हातून एक सोपा झेल सुटला आणि मॅच गेली. हा स्नॉडग्रास पुढे बँकर झाला, कॅलिफोर्नियात एका शहराचा मेयर झाला, आणि १९७४ साली ८६ व्या वर्षी वारला. तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने मृत्यूच्या बातमीच्या मथळ्यात काय छापावं? तो १९१२ चा सुटलेला झेल. ६२ वर्षांनी!

मर्कलचं नावही तसंच चिकटून राहिलं. १९५० साली त्याला पोलो ग्राउंड्सवर जुन्या खेळाडूंच्या कार्यक्रमाला बोलावलं. लोकांनी त्याचं टाळ्यांनी जोरात स्वागत केलं. छान झालं, पण मी वजाबाकी केली. १९५० वजा १९०८. ४२ वर्षं. १९ चा पोरगा तोवर साठी ओलांडून गेला होता. १९५६ मध्ये तो गेला. आता विस्कॉन्सिनमधल्या वॉटरटाउनला, जिथे तो जन्मला, तिथल्या बेसबॉलच्या मैदानाला त्याचं नाव आहे.

* * *

आता जी गोष्ट सांगायची मला सगळ्यात जास्त भीती वाटते, ती.

मर्कलच्या १९ दिवस आधी, ४ सप्टेंबरला, पिट्सबर्गमध्ये नेमकं हेच घडलं होतं. पायरेट्स विरुद्ध कब्ज, दहावी इनिंग. विजयाचा रन घरी पोहोचला आणि पायरेट्सचा वॉरन गिल दुसऱ्या बेसला हात न लावता अर्ध्या वाटेतून निघून गेला. तोच एव्हर्स ओरडला, समोर अंपायर तोच हँक ओडे. पण त्या दिवशी मैदानात ते एकटेच अंपायर होते आणि त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. बघितलं नाही, म्हणून आऊट दिलं नाही. पायरेट्सची १-० ची जीत कायम राहिली. गिलची चूक तीच, काडीचाही फरक नाही. त्या काळी बहुतेक सगळे असंच करायचे, आणि तो आऊट कोणी मागायचंच नाही. पण गिलला कोणी बोनहेड म्हटलं नाही. तुम्ही गिलचं नाव ऐकलंय? कोणीच नाही ऐकलेलं.

मी गिल आहे.

आमच्या फायनलचा मोबाईलवर काढलेला एक व्हिडिओ आहे. शेवटचा बॉल. सगळ्यांनी तो शंभर वेळा बघितला, पण सगळ्यांनी तिच्याकडेच बघितलं. डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे निळी टोपी आहे. मी दुसऱ्या रनसाठी येतेय, आरडाओरडा ऐकतेय, आणि क्रीजच्या दोन फूट अलीकडे थांबून बॅट हवेत उंच करतेय. मीही पूर्ण केली नव्हती. थ्रो बॉलरकडे गेला म्हणून ती आऊट झाली. तोच विकेटकीपरकडे आला असता तर मी झाले असते, आणि ‘अर्धी’ हे नाव माझं असतं.

हे मला आज कळलं असं नाही. त्याच संध्याकाळी, मेसमध्ये जायच्या आधी मी तो व्हिडिओ बघितला होता. म्हणूनच तर मी ते बोलले. सगळे हसत तिच्याकडे बघत राहिले की कोपऱ्यातल्या टोपीकडे कोण बघणार?

यंदा टीमची यादी करायचं काम माझ्याकडे आहे. मागच्या आठवड्यात नावं मागवली तर तिचं नाव नव्हतं. मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. मग तिची रूम पार्टनर भेटली. ती म्हणाली, ती आता सव्वानऊनंतर जेवायला जाते, मेस रिकामी झाल्यावर. बरेचदा भाजी संपलेली असते. आणि तिने ऑफिसमधून हॉस्टेल सोडायचा फॉर्म आणलाय. कारणाच्या रकान्यात ‘जेवण सूट होत नाही’ असं लिहिलंय.

मी तिच्या रूमवर गेले. मला माफी वगैरे मागता येत नाही. कॉन्व्हेंटमध्ये दिवसातून वीस वेळा ‘सॉरी सिस्टर’ म्हणून म्हणून त्या शब्दातला दमच गेलाय. म्हणून मी तिला मर्कलची गोष्ट सांगितली. सगळी, गिलसकट. मग व्हिडिओ लावला आणि डावा कोपरा दाखवला.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग विचारलं, “त्याला मॅनेजरने काढलं नाही ना, ताई?”

“नाही.”

“मला पुन्हा कोणी बॅट हातातच दिली नाही. वर्ष झालं.”

मी म्हणाले, यादीत तुझं नाव लिहू का? ती म्हणाली, “ते मी ठरवीन. तू एक कर. ते नाव थांबव. तूच ठेवलंयस ना, मग तूच थांबव.”

नाव ठेवायला मला तीन सेकंद लागले होते. थांबवायचं कसं, ते कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. ग्रुपवर मेसेज टाकला असता तर खाली चार हसणारे चेहरे आले असते आणि नाव आणखी घट्ट झालं असतं. मग संपादकांनी लेख मागितला. मी तिला विचारलं, लिहू का? ती म्हणाली, “लिही. पण माझं नाव नको. छापून आलेलं जात नाही.” स्नॉडग्रासबद्दल मी तिला सांगितलं नव्हतं, तरी तिला ते माहीत होतं.

ब्रिडवेल, म्हणजे ज्याच्या हिटवर हे सगळं रामायण झालं तो, म्हातारपणी म्हणाला होता की मी तो हिट मारायलाच नको होता, त्यापेक्षा आऊट झालो असतो तर बरं, म्हणजे त्या पोराचं आयुष्य असं झालं नसतं. मला तसं वाटत नाही. माझा तो शॉट चांगला होता. मेसमधलं ते वाक्य मात्र परत घेता आलं असतं तर आवडलं असतं.

तेव्हा हॉस्टेलमधल्या माझ्या मैत्रिणींनो, आणि हजेरी घेणाऱ्या सरांनाही नम्र विनंती, ‘अर्धी’ म्हणायची हुक्की आलीच तर माझ्याकडे बघून म्हणा. हरकत नाही, ते नाव मुळात माझंच आहे. तिला तिच्या नावाने हाक मारा. छान नाव आहे.

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर यंदाचं गॅदरिंग होऊन गेलेलं असेल. आम्ही जिंकलो असू किंवा हरलो असू. फॉर्म तिने अजून दिलेला नाही, टेबलावर पुस्तकाखाली ठेवलाय. काल संध्याकाळी प्रॅक्टिसला ती ग्राउंडवर आली होती. बॅटिंग नको म्हणाली, विकेटमागे उभी राहिली. मी रन पळत आले, तर मागून आवाज आला, “ताई, बॅट टेकव! आधी टेकव, मग काय नाचायचं ते नाच!”

मी टेकवली. मागच्या वर्षीचे ते दोन फूट मात्र राहिले होते. ते या लेखात पळाले असं धरा.